जोडीणीची ओ

हेमा भाटकरांना वसतिगृहातल्या मुली 'आगोट मॅडम' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणालाच झाली नव्हती.

आगोट म्हणजे कोकणात पावसाळ्याआधी घरोघरी करतात ती बेगमी. लाकूडफाटा पडवीत रचायचा, सुकी मासळी डब्यात भरायची, कुळीथ उन्हात घालून ठेवायचे, पावसाच्या अंगाला झावळ्यांची झडी बांधायची. एकदा आभाळ फाटलं की घरात असेल तेवढंच आपलं. हेमाताई ही आगोट वसतिगृहाची करीत. वैशाखात बाकीचे परीक्षेच्या निकालात आणि आंब्याच्या पेट्यांत गुंतलेले असायचे, तेव्हा या बाई टॉर्चचे सेल तपासत, दोरखंड ताणून बघत, वाळूच्या लाल बादल्यांतली वाळू चाळून पुन्हा भरीत. प्रत्येक बादलीत वाळूखाली त्या त्या दाराची जादा किल्ली पुरलेली असे. "संकट आल्यावर किल्ल्या शोधत बसायचं नाही," असं त्या म्हणत. मुली हसत. एक जण म्हणाली होती, मॅडमना वाळूत पुरायची सवय लागलीय, आता किल्लीला मोड येतील.

रत्नागिरी शहराबाहेर, समुद्राकडे उतरत गेलेल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विद्यापीठाचा हा परिसर. वर ग्रंथालय आणि ध्वजस्तंभाचं उघडं मैदान, खाली मुख्य फाटक, आणि मधल्या टप्प्यावर, रस्त्यासाठी डोंगर कापला त्या दरडीच्या पायथ्याशी मुलींचं वसतिगृह. ही जागा कुणी निवडली असं विचारलं की सगळे छताकडे बघतात. जांभा दगड वरून दिसतो मोठा दणकट, पण त्याच्या पोटात पांढरी माती असते, ती पाणी प्यायली की लोण्यासारखी सुटते. हे परिसराचे संचालक चिंतामणी लिमये यांना ठाऊक होतं, कारण ते भूगोलाचे माणूस. त्यांनी संरक्षक भिंत मागितली होती, पुन्हा पुन्हा मागितली होती. भिंत काही आली नाही. मोठं चक्रीवादळ होऊन गेल्यावर मात्र वरून आदेश आला, की आपत्ती व्यवस्थापन समिती नेमा आणि रंगीत तालीम घ्या.

पहिल्या तालमीची गंमत हेमाताई पुढं कधी विसरल्या नाहीत, आणि ती गंमत होती असंही त्यांनी कधी मानलं नाही. भोंगा वाजला. मुली आरामात बाहेर आल्या, एक तर हातात नूडल्सची वाटी घेऊन आली. जमायचं मैदानात ठरलं होतं, पण ऊन लागतं म्हणून सगळ्या दरडीजवळच्या आंब्याच्या सावलीत उभ्या राहिल्या. लिमये सरांनी छोटं भाषण केलं, म्हणजे त्यांच्या मानानं छोटं. मग हजेरी झाली. हजर, हजर, हजर. सगळ्या हजर. समाधानानं चहा झाला. हेमाताई परत वर गेल्या तर कोपऱ्यातल्या खोलीत दोन मुली पांघरूण घेऊन गाढ झोपल्या होत्या. त्यांच्या नावाला मैत्रिणींनी 'हजर' म्हणून टाकलं होतं, रोज वर्गात म्हणतात तसंच.

हेमाताई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपल्या खोलीत जाऊन हजेरीचा कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. खरी वेळ असती तर त्या दोघींना कुणी शोधलंच नसतं. का शोधावं? त्या तर हजर होत्या.

त्याच आठवड्यात त्या आईकडे, मालगुंडला गेल्या.

धोंडूबाई, म्हणजे हेमाताईंची आई, समुद्राच्या खडकांवरची कालवं काढून वाढलेली आणि त्यावरच मुलांना वाढवलेली बाई. सुकती लागली, पाणी मागं हटलं, की किनाऱ्यावरच्या बायका लोखंडी टोचा घेऊन खडकांत शिरायच्या. कालवं फोडायची तर खाली बसून, मान घालून, दोन्ही हातांनी काम करावं लागतं. समुद्राकडे पाठ होते. म्हणून एकटीनं कुणी जायचं नाही. दोघी जायच्या. एक बसायची, दुसरी उभी राहून पाण्याकडे डोळा ठेवायची. थोड्या वेळानं उभी असलेली पुढं यायची आणि म्हणायची, "तू ऊठ गो, आता मी बसतंय." कमरेला कळ लागली की बसलेली न सांगताही उठायची. या जोडीतल्या बाईला जोडीण म्हणत. सख्ख्या बहिणीशी भांडण चालायचं, जोडीणीशी नाही.

धोंडूबाईंची जोडीण होती कमळा. एका गौरीच्या सणाला घरी पाहुणे, हाताशी वेळ थोडा, आणि कालवं हवीत भरपूर. दोघी म्हणाल्या, आज पाणी शांत आहे, आज दोघी बसूया, लवकर आटपेल. दोघी बसल्या. धोंडूबाई परत आल्या. त्यानंतर त्यांनी कालवं काढली, विकली, मुलांची पोटं भरली, पण स्वतःच्या तोंडात एक कालव घातलं नाही. पोरांना त्या एकच गोष्ट सांगायच्या. "दर्याकडं दोघींनी एका टायमाला पाठ करायची नाय. एकीनं बसायचं, एकीनं बघायचं."

हेमाताई त्या घरातून एम. ए. झाल्या, नोकरीला लागल्या, लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे विचारून दमले. पगारातून भाऊ खंडूची होडी झाली, मग मासळीचा टेम्पो झाला. पण मालगुंडहून परत येताना त्या वेळी त्यांनी सोबत आणलं ते आईचं हे एवढंच.

पुढच्या तालमीत हेमाताईंनी हजेरीच मोडून टाकली. प्रत्येक मुलीला एक जोडीण. भोंगा झाला की आधी मेन स्विच बंद करायचा, मग जोडीणीचा हात धरून बाहेर पडायचं, आणि थेट ध्वजस्तंभाशी. सावली नाही? नसू दे. दरडीपासून लांब आहे, हीच त्याची सावली. तिथं बाई नाव घेणार. जिचं नाव, तिनं तोंड उघडायचं नाही. तिचा हात हातात धरून तिच्या जोडीणीनं ओ द्यायची. आणि आपल्या नावाची ओ पडल्याशिवाय कुणीही जागा सोडायची नाही, काहीही होवो.

"आपल्या नावाला कुणीही ओ देतं," त्या म्हणाल्या. "दुसरीच्या नावाला द्यायची तर ती शेजारी आहे का ते बघावं लागतं."

मुलींनी सुरुवातीला थट्टा केली. जोड्या लावायला मॅडमनी वधूवर सूचक मंडळ काढावं, इथपर्यंत. पण खेळ म्हणून का होईना, ते अंगवळणी पडलं. जेवायला उशीर झाला की जोडीण ताट झाकून ठेवू लागली. सुट्टीत घरी गेलेली मुलगी पोचली की तिनं जोडीणीला कळवायचं आणि जोडीणीनं हेमाताईंना, असाही नियम झाला. दिवाळीत हेमाताईंचा फोन दिवसभर वाजत राहायचा. "मॅडम, आर्या पोचली," असे एकेक निरोप. सर्वांत शेवटच्या जोडीची खबर आली की मग त्या स्वतः बॅग भरत.

हा नियम एकाच सुट्टीला नव्हता. गणपतीला.

गणपतीला कोकणात कुणी घराबाहेर राहत नाही. जो मुंबईत आहे तो येतो, जो आखातात आहे तो फोन धरून रडतो. इथं नोकरी सोडतील पण गणपती सोडणार नाहीत. समितीच्या आराखड्यातही ती गोष्ट गृहीतच होती, की त्या आठवड्यात परिसर रिकामा असतो म्हणून तेव्हाचं कसलं नियोजनच नाही. फाटकावर एक पहारेकरी राहायचा, तोही एका डोळ्यानं घराकडे बघत. हेमाताईंनीही मुलींना सांगून टाकलं होतं, की घरात देव आलेला असताना फोन करत बसू नका. सगळ्या घरीच जाणार, हे काय विचारायचं? सूर्य उगवला का, असं कुणी विचारतं का?

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत चतुर्थीच्या आदल्या दिवशी हेमाताई फाटकाशी उभं राहून एकेक मुलगी जाताना बघत होत्या. आर्या आणि तिची जोडीण ऋतिका बाणे एकाच छत्रीतून गेल्या. आर्या देवरूखची, शिक्षकाच्या घरातली, बोलघेवडी. ऋतिका राजापूरकडच्या एका खेड्यातली, पहिल्या वर्षाला आलेली, कामापुरतं बोलणारी. दोघींनी "येते मॅडम" म्हटलं. ऋतिकानं खाली वाकून नमस्कारही केला, तो हेमाताईंना थोडा लांबल्यासारखा वाटला. पण मागं आणखी मुली उभ्या होत्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी वसतिगृहाला कुलूप लावलं. मेसच्या फ्रीजमध्ये स्वयंपाकाच्या काकूंचं काहीबाही होतं म्हणून मेन स्विच तेवढा चालू ठेवला, आणि मालगुंडची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. पाऊस सकाळपासून होता, रात्रीही थांबला नाही. पंचमीला हेमाताई मागच्या पडवीत ऋषीची भाजी चिरत बसल्या होत्या. आत आरतीची तयारी चालली होती. तेवढ्यात लिमये सरांचा फोन आला.

"भाटकर बाई, दरड आली. वसतिगृहाची मागची बाजू गेली. पहारेकऱ्याचा आताच फोन आला, मी निघतोच आहे. पण देवाची कृपा म्हणायची, इमारत रिकामी होती."

हेमाताईंनी घरात सांगितलं. वहिनीनं गणपतीपुढं हात जोडले. खंडू म्हणाला, "देव तारी त्याला कोण मारी. चार दिवस आधी येती तर?" सगळ्यांना हायसं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. खोल्या परत बांधता येतात.

भिंतीला टेकून बसलेल्या धोंडूबाईंनी तेवढं विचारलं, "आत कोन नाय ता कुणी बघितलंन?"

"आई, सगळ्या गेल्या. मी फाटकाशी उभी होते, डोळ्यांनी बघितल्या."

"गेलेल्या बघितल्यास गो. पोचलेल्या?"

हेमाताईंचा विळीवरचा हात थांबला. म्हातारीच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मुलीला रागावता तरी आलं असतं. त्या फोन घ्यायला उठल्या आणि तोच फोन पुन्हा वाजला. आर्या होती. ती रडत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम.

तिनं सणाच्या शुभेच्छा द्यायला ऋतिकाच्या आईला फोन केला होता. आई म्हणाली, ऋतिका गावी आलीच नाही, वसतिगृहात जादा तास आहेत म्हणून राहिली. आणि ऋतिका तर आर्याला देवरूखच्या गाडीत बसवून म्हणाली होती की माझी राजापूरची गाडी अर्ध्या तासात आहे. "मॅडम, मी सकाळपासून तिला फोन करतेय. लागतच नाही. मॅडम, ती तिथंच असणार. तिला किल्ली कुठं असते माहीत आहे."

माहीत असणारच. हेमाताईंनीच सगळ्यांना दाखवून ठेवली होती.

खंडूनं टेम्पो काढला. लिमये सरांना हेमाताईंनी एवढंच सांगितलं, "सर, आत मुलगी आहे." पलीकडून "अरे देवा" एवढे दोन शब्द आले, आणि फोन बंद झाला. आरे-वारेच्या रस्त्याला उजव्या हाताला समुद्र खवळून काळा झाला होता. हेमाताई काचेतून पाण्याकडे बघत होत्या. सणाची घाई, शांत पाणी, आज दोघी बसूया. आईनं सांगितलेली ती गोष्ट त्यांनी शेकडो मुलींना शिकवली होती आणि वर्षातला एकच आठवडा तिच्यातून वगळला होता, नेमका सणाचा. आपल्याला दुसरा आठवडा सापडला नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की तोंडात पदराचा बोळा धरून त्या बसून राहिल्या.

फाटकापासून वर जाणारा रस्ता लाल चिखलानं बुजला होता. वसतिगृहाचा पुढचा भाग उभा होता, मागं मात्र खोल्यांच्या जागी मातीचा ढीग आणि त्यातून बाहेर आलेलं एक खाटेचं लोखंड. अग्निशमन दलाची गाडी खाली अडकली होती, माणसं पायी वर आली होती. आसपासच्या वाडीतले लोक आरत्या टाकून फावडी घेऊन आले होते. त्यांच्यात लिमये सर होते. पूजेतून उठून आलेले, रेनकोटाच्या आत अजून सोवळं नेसलेलं, आणि ते हातांनी माती ओढत होते. भाषणाची हौस असलेल्या त्या माणसाला "इकडे, इकडे" याखेरीज शब्द सुचत नव्हता.

ऋतिकाची खोली मागच्याच बाजूला होती.

हेमाताईंना आत जायचं होतं, त्यांना कुणी जाऊ देईना. त्या पुढच्या दारातून डोकावत राहिल्या. दार उघडं होतं. दाराबाहेरच्या लाल बादलीतली वाळू उपसलेली होती, म्हणजे आर्या म्हणाली ते खरं. भिंतीवर मेन स्विचची पेटी. त्यांची नजर त्यावरून पुढं गेली आणि परत मागं आली.

मेन स्विच खाली ओढलेला होता.

परिसरातली वीज पहाटेच गेली होती, त्यामुळं तो चालू की बंद याकडे बघायचं कुणाला कारण नव्हतं. पण हेमाताईंनी तो चालू ठेवला होता, काकूंच्या फ्रीजसाठी. भोंगा झाला की आधी मेन स्विच, मग बाहेर. तो कुणीतरी बंद केला होता, आणि इथं एकच माणूस होतं.

"ती बाहेर पडलीय," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मग त्या ओरडल्या, "सर, ती बाहेर पडलीय!" आणि उत्तराची वाट न बघता वरच्या चढाला लागल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई ग्रंथालयाच्या मागच्या निसरड्या पायवाटेनं पळत गेली, दोनदा पडली, चप्पल तिथंच राहिली.

सड्यावर धुकं उतरलेलं होतं. मैदानाच्या मध्यावर ध्वजस्तंभ अर्धाच दिसत होता. त्याला एका हातानं कवटाळून ऋतिका उभी होती.

ती सकाळपासून तिथंच होती. तिच्या खिडकीमागून आधी गढूळ पाण्याची धार सुटली, मग भिंतीतून करकर आवाज आला. तिनं फोनही घेतला नाही. मेन बंद केला आणि पळाली. वर पोचते न पोचते तो खालून आवाज झाला आणि जमीन हलली. फाटकाकडे जायचा रस्ता गाडला गेला. कुणीतरी येईल असं तिला वाटलं, पण येणारे सगळे खालून वसतिगृहाकडेच आले, आणि पावसाच्या आवाजात तिची हाक कुणाला पोचली नाही. धुक्यात पुन्हा दरडीच्या बाजूला उतरायचं तिला धैर्य झालं नाही. शिवाय ती न सांगता राहिलेली होती. आणि नियम होता.

तिचे ओठ निळे पडले होते. हेमाताईंनी तिला जवळ ओढलं, पण तिचा हात खांब सोडीना. थंडीनं बोटं आवळून गेली होती म्हणा, किंवा भीतीनं. दात वाजत असताना ती म्हणाली, "मॅडम, माझी जोडीण नाही ना. माझी ओ कोण देणार?"

हेमाताईंनी कमरेचा फोन काढला, ओल्या हातांनी आर्याचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. मग तालमीत उभ्या राहत तशा ताठ उभ्या राहिल्या आणि नाव घेतलं.

"ऋतिका बाणे!"

देवरूखच्या घरात मागं झांजा वाजत होत्या. त्या झांजांमधून आर्याचा आवाज आला, फाटलेला, हुंदक्यांनी भरलेला.

"ओ!"

तेव्हा ऋतिकाचा हात सुटला.

इस्पितळात दोन दिवसांनी ती सगळं बोलली. तिचे वडील वैशाखात गेले होते. दर वर्षी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून, वडील डोक्यावर पाट घेऊन शेताच्या बांधावरून गणपती घरी आणायचे आणि ही पुढं घंटा वाजवत चालायची. यंदा तो पाट काका डोक्यावर घेणार होते. तिला ते बघायचं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर आई रडली असती, आर्याला सांगितलं असतं तर तिनं ओढून देवरूखला नेलं असतं, आणि दुसऱ्याच्या घरचा गणपतीही तिला बघवला नसता. म्हणून ती दोघींशी खोटं बोलली आणि पहारेकऱ्याची नजर चुकवून परत आली. "मला वाटलं, गणपतीत इथं कुणीच नसतं," ती म्हणाली. "मला तेच हवं होतं."

हेमाताई तिच्या उशाशी बसून होत्या. रागवायला म्हणून आल्या होत्या, ते राहूनच गेलं.

त्यानंतर आराखडा बदलला. वसतिगृह दरडीखालून हललं, सरांची भिंतही आता बांधली जाते आहे. पण खरा बदल हेमाताईंनी स्वतःपुरता केला. गणपतीत त्यांनी मालगुंडला जाणं बंद केलं. वसतिगृह उघडं ठेवायचं आणि जिला घरी जायचं नाही तिनं इथं राहायचं, कारण विचारलं जाणार नाही. पहिल्याच वर्षी अशा पाच-सहा मुली निघाल्या. कुणाच्या घरात मयत झालेलं, कुणाच्या घरात भांडण, एकीला तर घरच नव्हतं. इतकी वर्षं त्या कुठं जात होत्या देव जाणे.

त्याच गणपतीत मालगुंडला धोंडूबाई गेल्या. आजार असा नव्हता, वयच झालं होतं. पंचमीच्या दुपारी त्यांनी खंडूला विचारलं, "हेमा खय हाय?" खंडूच्या मनात बहिणीबद्दल थोडी अढी होतीच, सणाला घरी न आलेली म्हणून. तो म्हणाला, "पोरींजवळ ऱ्हायलीय, वसतिगृहात."

"मग बरां हाय," म्हातारी म्हणाली, आणि कुशीवर वळली.

हेमाताई पोचल्या तेव्हा आईचं अंग गार झालं होतं. खंडूनं ते शेवटचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्याची अढी गेलेली होती. हेमाताई मात्र घरच्यांच्या देखत मोठ्यानं रडल्या, लहान मुलीसारख्या. आईजवळ आपण नव्हतो, हे दुःख 'बरां हाय' म्हटल्यानं कमी होत नाही. दोन्ही खरं असतं.

तेरावं करून त्या परत आल्या त्याच आठवड्यात तालीम ठरलेली होती. लिमये सर म्हणाले, पुढं ढकलू. त्या म्हणाल्या, नको. भोंगा वाजला. मुली जोडीनं, हात धरून वर आल्या. आकाश उघडं होतं आणि सड्याच्या कडेपलीकडे समुद्र स्पष्ट दिसत होता. हेमाताई नेहमी मुलींकडे तोंड करून आणि एक डोळा समुद्राकडे ठेवूनच उभ्या राहायच्या. तशाच राहिल्या. एकेक नाव, एकेक ओ. आर्याचं नाव आलं, ऋतिकानं ओ दिली. शेवटच्या नावाची ओ पडली आणि मुलींना जायला मोकळीक मिळाली. त्या गेल्या नाहीत. बाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या, कारण बाई डोळे मिटून खांबाला टेकल्या होत्या.

आर्या म्हणाली, "मॅडम, तुमची जोडीण कोण?"

हेमाताईंनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "होती. मालगुंडला."

ऋतिका, कामापुरतं बोलणारी ती मुलगी, पुढं आली. तिनं बाईंचा दंड धरला आणि ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याकडे त्यांना वळवलं.

"मॅडम, तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी बघते."

हेमाताई समुद्राकडे पाठ करून बसल्या.